दप्तरखान्याचा वेग आणि खेळाची गती

‘डिस्क जितकी वेगवान, तितका खेळ वेगवान’ हे वाक्य आज आपल्याकडे संगणकाच्या दुकानांतून, महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून आणि नव्या यंत्रासाठी आईवडिलांपाशी हट्ट धरणाऱ्या मुलांच्या तोंडून इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की सिद्ध झालेल्या प्रमेयाप्रमाणे त्याच्यापाशी पुरावा मागण्याची कोणाला गरजच वाटत नाही. मला ती वाटते. त्या वाक्यापायी ज्यांच्या खिशातून पैसा जातो ती बहुतांशी शिकणारी, स्वतःची कमाई नसलेली मुले असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि म्हणूनच त्या वाक्याला उघड हरकत घेणे मी माझे कर्तव्य समजतो.

हरकत घेण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत मांडणे न्यायाचे होईल. माझे एक स्नेही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पंचवीस वर्षे संगणकाच्या सुट्या भागांचा व्यापार करीत आहेत. मनुष्य सचोटीचा, गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू गळ्यात बांधताना मी त्यांना कधी पाहिले नाही. त्यांची कैफियत अशी आहे: “हे पाहा, मी पुस्तकातले सांगत नाही, गल्ल्यावर बसून पाहिलेले सांगतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, की तेच यंत्र नवे होते, आणि गिऱ्हाईक परत येऊन आभार मानते. सोनीने प्लेस्टेशन ५ काढले तेव्हा सर्वांत मोठी वाखाणणी कशाची झाली? डिस्कच्या वेगाची. आणि आता तर नव्या खेळांच्या आवश्यकतांच्या यादीतच एसएसडी लागेल म्हणून लिहिलेले असते. मग खेळाची गती डिस्कवर अवलंबून नाही, असे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?” या कैफियतीतील तिन्ही मुद्दे वस्तुस्थितीला धरून आहेत, हे मी आरंभीच कबूल करतो. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

‘गती’ हा एकच शब्द येथे निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो. खेळ उघडून पहिला देखावा दिसेपर्यंत लागणारा वेळ, ही एक गोष्ट झाली. खेळ सुरू असताना पडद्यावर दर सेकंदाला किती चित्रे उमटतात, ज्याला खेळणारी मुले एफपीएस म्हणतात, ती अगदी वेगळी गोष्ट आहे. आणि ही चित्रे सम अंतराने येतात की मध्येच एखादे चित्र उशिरा येऊन हाताला गचका बसतो, ही तिसरी. ‘परफॉर्मन्स’ हा शब्द दुकानात उच्चारला जातो तेव्हा घेणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरी गोष्ट असते, विकणाऱ्याच्या अनुभवात पहिली असते, आणि तिसरीचा विचार दोघांपैकी कोणीच केलेला नसतो.

संगणकाच्या अंतरंगातील व्यवहार समजून घ्यावयाचा तर एखादी जुनी मामलेदार कचेरी डोळ्यांसमोर आणावी. मागच्या अंगाला दप्तरखाना असतो. त्यात वर्षानुवर्षांच्या कागदपत्रांचे रुमाल बांधून ठेवलेले असतात. ती आपली डिस्क. पुढे कारकुनाचे मेज असते, ज्यावर आज लागणारी तेवढी कागदपत्रे पसरलेली असतात. ती रॅम. मेजापाशी बसून कागद वाचणारा, हिशेब करणारा आणि हुकूम देणारा तो प्रोसेसर. आणि त्याच्या हुकुमाप्रमाणे नकाशामागून नकाशा रेखून देणारा जो आरेखक शेजारी बसला आहे, ते ग्राफिक्स कार्ड. त्याच्यापाशी त्याचे स्वतःचे वेगळे मेजही असते. ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क ज्या रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर बाजारात आणली, ते यंत्र व्यापारी पेढ्यांच्या हिशेबासाठीच घडवलेले होते. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांवर सुमारे ५० लक्ष अक्षरे, एवढा तिचा संसार होता. जन्मापासूनच डिस्क ही दप्तरखाना आहे. आता प्रश्न एवढाच, की आरेखकाने मिनिटाला किती नकाशे काढावेत हे दप्तरखान्याच्या रखवालदाराच्या चालण्यावर अवलंबून असते काय?

याचे उत्तर आकड्यांत देता येते. खेळ सुरळीत चालतो असे आपण म्हणतो तेव्हा पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणून हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी त्याच्या निम्मा, ४.१७ मिलिसेकंदांचा वेळ जातो. आणि त्याआधी ते शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यासाठी सुमारे आठ-नऊ मिलिसेकंद खर्ची पडलेले असतात. म्हणजे दप्तरखान्यातून एक रुमाल आणावयाचा म्हटले की जवळजवळ एका चित्राचा सगळा वेळ त्या एका खेपेतच संपतो. खेळ रचणाऱ्या माणसांना हे गणित पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्यांनी चित्र रेखण्याचे काम डिस्कच्या भरवशावर ठेवले असते, तर आजवर एकही खेळ चालला नसता. चित्र रेखताना डिस्ककडे वळून पाहण्याची वेळ येऊ नये, जे लागेल ते आधीच मेजावर असावे, हा या धंद्यातील मूलभूत दंडक झाला तो यामुळेच. आणि डिस्क दुप्पट वेगवान झाल्याने चित्रांची संख्या वाढत नाही याचे कारणही हेच आहे. जे काम डिस्कची वाट पाहत नव्हतेच, ते डिस्क लवकर आल्याने लवकर कसे व्हावे?

हा दंडक पाळण्यासाठी खेळ रचणाऱ्यांनी जे परिश्रम केले त्यांची कथा मला फार मोलाची वाटते. १९९६ साली आलेल्या ‘क्रॅश बँडिकूट’ या खेळात कर्त्यांनी सीडीवरील माहितीचे ६४ किलोबाइटांचे ठरावीक तुकडे पाडून, नायक पुढे धावत असताना लागेल तो तुकडा वेळेआधी आत आणण्याची योजना केली होती. २००७ च्या ‘मास इफेक्ट’मध्ये नायक एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाताना उद्वाहनात जो बराच वेळ उभा राहतो, तो पुढचा देखावा दप्तरखान्यातून येईपर्यंत, आणि पुष्कळ खेळांत नायकाला भिंतींच्या फटीतून अंग चोरून, पावलापावलाने सरकावे लागते, त्याचे कारण तेच. २०१८ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ वरील ‘स्पायडर-मॅन’मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील टपालपेटीसारख्या किरकोळ वस्तूंची माहिती एकाच डिस्कवर कित्येकदा लिहून ठेवलेली होती, आणि काही वस्तूंच्या बाबतीत ही आवृत्ती ४०० वेळांपर्यंत गेली होती, असे प्लेस्टेशन ५ चे शिल्पकार मार्क सर्नी यांनी २०२० च्या मार्चमधील आपल्या व्याख्यानात सांगितले. नायक शहराच्या ज्या भागात असेल त्या भागाच्या रुमालातच टपालपेटीही बांधलेली असावी, म्हणजे तिच्यासाठी वेगळी खेप पडू नये, हा त्यामागील हेतू. डिस्कच्या मंदपणाची किंमत अशा रीतीने जागेने, रचनेने आणि कर्त्यांच्या कल्पनाशक्तीने चुकती केली. खेळणाऱ्याच्या चित्रसंख्येवर तिचा भार त्यांनी पडू दिला नाही.

डिस्कचा वेग वाढवून चित्रे वाढतात काय, याची एक परीक्षा पूर्वी होऊनही गेली आहे. २००३ साली वेस्टर्न डिजिटलने ‘रॅप्टर’ नावाची, मिनिटाला १०,००० फेरे घेणारी डिस्क घरगुती यंत्रांसाठी काढली आणि खेळांच्या शौकिनांनी ती मोठ्या हौसेने घेतली. एरवी एका खेपेस सुमारे तेरा मिलिसेकंद लागत, तेथे तिला आठाच्या आसपास लागत. यंत्र सुरू होण्यास आणि खेळ उघडण्यास लागणारा वेळ तिने निश्चित कमी केला, आणि शौकिनांचा संतोष खोटा नव्हता. परंतु देखावा एकदा मेजावर आल्यानंतर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या तीच राहिली, कारण तिचा निर्णय आरेखकाच्या हातात होता.

आता माझ्या स्नेह्यांच्या पहिल्या मुद्द्याकडे वळतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की यंत्र नवे होते, हा त्यांचा अनुभव अक्षरशः खरा आहे, आणि ज्याच्या यंत्रात आजही केवळ फिरती डिस्क आहे त्याने ती बदलावी असेच मीही सांगेन. मात्र त्या पालटाचे श्रेय वेष्टणावर छापलेल्या आकड्याला देणे चूक आहे. वेष्टणावरचा आकडा, समजा ७००० मेगाबाइट प्रतिसेकंद, हा एकच प्रचंड रुमाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचत गेल्यास मिळणारा वेग आहे. प्रत्यक्षात इकडचे एक पान आणि तिकडचे एक पान, अशी तुटक मागणी एकामागून एक येऊ लागली म्हणजे फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट देते. साटा जोडणीची साधी एसएसडी तीस-चाळीस देते. आणि सात हजारांची फुशारकी मिरवणारी एनव्हीएमई जातीची एसएसडीही साठ ते नव्वदांच्या घरातच राहते. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना तीस-चाळीसपट लाभ, दुसरीवरून तिसरीवर जाताना सुमारे दुप्पट. आणि वेष्टणावरचे आकडे पाहावेत, तर ५५० वरून ७००० म्हणजे जवळजवळ तेरापट झाल्याचा भास होतो. गिऱ्हाइकाने पहिल्या पायरीवर घेतलेला आनंद त्याच आकड्यांच्या जोरावर त्याला दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर पुन्हा विकला जातो, आणि मला ज्याची चीड येते ती गोष्ट ही आहे.

शिवाय रुमाल मेजावर आला म्हणजे काम संपले असे होत नाही. खेळाची माहिती डिस्कवर दाबून, आवळून ठेवलेली असते. ती सोडवावी लागते, तपासावी लागते, तिच्यातून रस्ते, झाडे, माणसे उभी करावी लागतात, आणि हे सारे प्रोसेसरचे काम आहे. खेळ उघडण्यास लागणाऱ्या वेळातील मोठा हिस्सा पुष्कळदा याच कामाचा असतो. याचा बिनतोड पुरावा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन’ या खेळाने दिला, आणि तो मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण डिस्कवर विनाकारण ठेवल्या गेलेल्या आरोपाचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

हा खेळ उघडण्यास कित्येकांच्या यंत्रावर पाच-सहा मिनिटे लागत, आणि ही तक्रार वर्षानुवर्षे चालू होती. लोकांनी डिस्का बदलल्या, एसएसडी घातल्या, आणि तरीही ते वाट पाहतच बसले. २०२१ च्या आरंभी एका प्रोग्रामरने स्वतःच्या जिज्ञासेपोटी त्या खेळाच्या पोटात डोकावून पाहिले, तेव्हा त्याला आढळले की खेळ उघडताना सुमारे १० मेगाबाइटांची एक यादी वाचली जाते; खेळात विकत मिळणाऱ्या सुमारे ६३,००० वस्तूंची ती यादी. दहा मेगाबाइट म्हणजे काय? साधी फिरती डिस्कही एवढा मजकूर सलग वाचावयास सेकंदाचा दशांश घेते. परंतु ती यादी वाचणारी आज्ञावली अशा पद्धतीने लिहिली गेली होती, की प्रत्येक नोंद उचलण्यापूर्वी उरलेला सगळा मजकूर शेवटपर्यंत मोजला जाई. आणि नोंद उचलून झाल्यावर ती आधी येऊन गेली आहे काय हे पाहण्यासाठी तोवर जमलेली सगळी खतावणी पहिल्या पानापासून चाळली जाई. एखाद्या कारकुनाने साठ हजार नोंदींचे चोपडे उतरवून घेताना प्रत्येक ओळीआधी उरलेली पाने शेवटपर्यंत मोजावीत, आणि प्रत्येक ओळीनंतर लिहून झालेली पाने पुन्हा तपासावीत, तसा हा प्रकार होता. त्या प्रोग्रामरने या दोनच गोष्टी दुरुस्त केल्या आणि सहा मिनिटांचा काळ दोन मिनिटांच्या आत आला. खेळाच्या कर्त्या रॉकस्टार कंपनीने ती दुरुस्ती मान्य केली, त्याला १०,००० डॉलरांचे पारितोषिक दिले, आणि मार्च महिन्यात सर्वांसाठी ती अंमलात आणली. त्या सहा मिनिटांतील बहुतांश काळ एका कोरवर प्रोसेसर घाम गाळीत होता आणि डिस्क स्वस्थ होती. जगातील कोणतीही एसएसडी त्या वेळेत उणेअधिक करू शकली नसती. आणि तरीही त्या वर्षांत किती जणांनी केवळ त्या सहा मिनिटांपायी नवी डिस्क घेतली असेल, या विचाराने मी अस्वस्थ होतो.

डिस्कविषयीचा हा ग्रह खेळ घेणाऱ्यांपुरता मर्यादित नाही. खेळ घडवणारेही त्यातून सुटलेले नाहीत. ‘हेलडायव्हर्स २’ हा २०२४ साली आलेला स्वीडनमधील ॲरोहेड या संस्थेचा खेळ संगणकावर सुमारे १५४ जीबी जागा व्यापीत असे, कारण फिरती डिस्क वापरणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यात एकच माहिती अनेकवार लिहिलेली होती. वर सांगितलेल्या टपालपेटीचीच युक्ती. २०२५ च्या अखेरीस त्यांनी प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा उघड झाले, की त्या खेळात वाट पाहण्याचा वेळ मुख्यत्वे डिस्कमुळे लागतच नव्हता. प्रत्येक मोहिमेसाठी नवी भूमी रचण्याचे जे गणित प्रोसेसर करीत होता, त्याला तो वेळ लागत होता, आणि डिस्कवरील वाचन त्याच्या सोबतीने उरकून जात होते. द्विरुक्त माहिती काढून टाकताच खेळ सुमारे २३ जीबींवर आला आणि फिरत्या डिस्कवर खेळणाऱ्यांना फार तर काही सेकंद जास्त लागू लागले. घडवणाऱ्यांनी केवळ गृहीत धरलेल्या गोष्टीपायी लक्षावधी लोकांच्या डिस्कवरची शंभराहून अधिक जीबी जागा अडून राहिली होती.

दुसरा मुद्दा प्लेस्टेशन ५ चा. आणि माझ्या स्नेह्यांच्या तिन्ही मुद्द्यांत मी यालाच सर्वाधिक मान देतो. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या त्या यंत्राची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी माहिती देते, आणि ती देता यावी म्हणून संपूर्ण यंत्राची रचना तिच्याभोवती केली आहे, हे खरे. परंतु त्याच व्याख्यानात सर्नी यांनी जे आणखी सांगितले, ते दुकानात कोणी सांगत नाही. एवढ्या वेगाने येणारी दाबलेली माहिती सोडवण्यासाठी त्यांनी यंत्रात एक स्वतंत्र विभाग बसवला. तेच काम साध्या प्रोसेसरकडून करून घ्यावयाचे, तर त्याचे ९ कोर त्यातच गुंतले असते. म्हणजे वेगवान दप्तरखान्याबरोबर रुमाल सोडणाऱ्यांची एक नवी तुकडीच नेमावी लागली. केवळ रखवालदार बदलून भागले नसते, हे त्या यंत्राच्या शिल्पकारांना पुरते ठाऊक होते.

आणि मुळात त्या यंत्राचे सामर्थ्य कशात आहे? त्याच्या प्रत्येक मालकापाशी निरपवाद तोच वेग आहे, यात. खेळ रचणाऱ्याला त्यामुळे खात्रीने म्हणता येते, की उद्वाहन नको, भिंतीची फट नको, चारशे टपालपेट्या नकोत. नायक एका विश्वातून दुसऱ्या विश्वात क्षणार्धात उडी मारील अशी कथा मी लिहितो. २०२१ चा ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ तसा लिहिला गेला. वेगवान डिस्कचा लाभ असा खेळाच्या रचनेतून, कर्त्याच्या लेखणीतून यावा लागतो. जो खेळ मंद डिस्कचा दंडक पाळून आधीच लिहिला गेला आहे, त्याच्याखाली वेगवान डिस्क सरकवल्याने ती उद्वाहने नाहीशी होत नाहीत. संगणकासाठी खेळ रचणाऱ्याला तर कोणाच्या घरी काय असेल याची शाश्वती नसते, म्हणून त्याला बेताच्याच यंत्राचा हिशेब धरावा लागतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये डिस्कवरची माहिती झटपट आत आणण्याची डायरेक्टस्टोरेज ही योजना खेळकर्त्यांच्या हाती दिली आणि २०२३ च्या जानेवारीत आलेल्या ‘फोरस्पोकन’मध्ये ती प्रथम वापरली गेली, खेळ उघडण्याचा वेळ तिने उत्तम यंत्रावर फारच खाली आणला, हे मान्य. परंतु ज्या खेळांत दाबलेली माहिती सोडवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवले जाते, तेथे ते काम आरेखकाच्याच वेळातून जाते, हेही मान्य करावे लागेल.

तिसरा मुद्दा आवश्यकतांच्या यादीचा. २०२३ मध्ये आलेल्या ‘स्टारफील्ड’ने एसएसडी अनिवार्य केली, त्याच वर्षी ‘सायबरपंक २०७७’च्या कर्त्यांनी आपल्या किमान आवश्यकतांतून फिरती डिस्क काढून टाकली. विस्तीर्ण शहरातून वेगाने गाडी हाकताना पुढची गल्ली डिस्कवरून अखंड येत राहावी लागते, आणि फिरती डिस्क तेथे कमी पडते; रस्ता कोरा दिसतो, इमारती मेणाच्या वाटतात, मध्येच गचका बसतो. म्हणून ती यादी योग्यच आहे. परंतु त्या यादीत ‘एसएसडी’ एवढेच लिहिलेले असते. साधी साटा जोडणीची एसएसडी त्या अटीत बसते, आणि गल्ली वेळेवर पोचली की पुरे. ती अर्धा सेकंद आधी येऊन थांबली म्हणून तिचे चित्र अधिक वेळा रेखले जात नाही. किमान पात्रतेची अट पुरी करणे आणि त्या अटीच्या पलीकडे जाऊन गुण मिळवणे, या दोहोंत जो फरक आहे तोच येथे पुसला जातो.

एक प्रसंग मात्र असा आहे की जेथे डिस्कचा वेग चित्रसंख्येला खरोखरच हात लावतो, आणि तो मी लपवून ठेवला तर माझा प्रतिवाद अप्रामाणिक ठरेल. रॅम अपुरी पडली, म्हणजे कारकुनाचे मेज लहान झाले, की विंडोज मेजावरचे काही कागद उचलून दप्तरखान्यात ठेवते आणि लागले की परत आणते. मग चित्र रेखताना डिस्ककडे वळण्याची वेळ येते, तो मूलभूत दंडक मोडतो, आणि डिस्क जितकी मंद तितका गचका मोठा बसतो. येथे वेगवान एसएसडीने त्रास कमी होतो, यात शंका नाही. परंतु रॅममधून एखादी गोष्ट मिळण्यास लागणारा वेळ एक सेकंद मानला, तर त्याच प्रमाणात साध्या एसएसडीला सुमारे सतरा मिनिटे आणि फिरत्या डिस्कला सुमारे तेहतीस तास लागतील. उत्तम एसएसडी आणून सतरा मिनिटांची आठ मिनिटे करण्यात कोणते शहाणपण, जेव्हा मेज मोठे केल्याने ते काम एका सेकंदात होते?

हे मी तोंडच्या वाफेने लिहीत नाही. माझा भाचा नाशिकला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात आहे. त्याच्या यंत्रात ८ जीबी रॅम, चार जीबीचे जुने ग्राफिक्स कार्ड आणि साधी साटा एसएसडी होती. एका दुकानदाराने त्याला सांगितले, की गेम अटकतो तो एसएसडी जुनी म्हणून. आणि शिकवण्या घेऊन वर्षभर जमवलेल्या पैशांतून त्याने सात हजारांच्या आकड्याची एनव्हीएमई एसएसडी घेतली. त्याच्या मदरबोर्डावरील जागा आधीच्या पिढीची आहे, तेथे तो वेग फार तर निम्म्यानेच मिळू शकतो, हे त्याला विकणाऱ्याने सांगितले नाही. आठवड्याने त्याचा फोन आला: “मामा, नवा ड्राइव्ह घातला, तरी गेम तस्साच अटकतोय. माझंच काहीतरी चुकलं असेल का?” त्या शेवटच्या प्रश्नाने मला जे दुःख झाले, त्यातून हा लेख निघाला आहे.

दिवाळीच्या सुटीत तो घरी आला तेव्हा आम्ही दोघांनी बसून मोजदाद केली. तोच खेळ, तेच शहर, तीच गाडी, तोच रस्ता. जुन्या एसएसडीवर खेळ उघडण्यास १९ सेकंद, नव्यावर १७. सरासरी चित्रसंख्या दोहोंवर सेकंदाला ४१. खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर रॅमची पट्टी काठोकाठ भरलेली होती, आणि गाडी प्रत्येक मोठ्या चौकात शिरली की तेथेच खेळ थबकत होता. ड्राइव्हच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळालेली ८ जीबीची आणखी एक रॅम आम्ही शेजारच्या खाचेत बसवली. सरासरी ४१ ची ४४ झाली, म्हणजे फारसे काही नाही. परंतु चौकातला तो गचका पार नाहीसा झाला, आणि भाच्याने तो चौक तीनदा ओलांडून पाहिला. चित्रे ६० पर्यंत न्यावयाची तर ग्राफिक्स कार्डच बदलावे लागेल, त्याला वर्ष-दीड वर्ष थांबावे लागेल, हेही त्याने वहीत लिहून घेतले.

मोजदादीचे ते पान मी माझ्या लॅमिंग्टन रोडच्या स्नेह्यांना नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “हे खरे आहे, पण रॅमच्या वेष्टणावर सात हजार असा आकडा छापलेला नसतो, गिऱ्हाइकाला ते दाखवायचे कसे?” मी त्यांना सांगितले, की दुकानातल्या यंत्रावर एखादा खेळ लावून ठेवा, शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा, आणि आलेल्या मुलाला विचारा की तुझ्या घरी खेळ अटकतो तेव्हा यातली कोणती पट्टी भरलेली असते. त्यांनी त्या पानाची एक प्रत मागून घेतली, आणि ती आता त्यांच्या गल्ल्याशेजारी, किमतींच्या फलकाखाली लावलेली आहे.